बारा फुटांस एक फूट

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

आजपासून ही वही केवळ वाटेच्या कामासाठी. 'लक्षात ठेवतो' म्हणणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही. त्यांत मीही आलो.

प्रथम वस्तुस्थिती. ओतूरच्या पूर्वेस गायरानात बिरोबाची टेकडी आहे. पायथ्यापासून देवाच्या ओट्यापर्यंतची उंची पाण्याच्या नळीने दोनदा मोजली. बासष्ट फूट. चाकाच्या खुर्चीवरील माणसास स्वतःच्या हातांनी चढता येईल असा चढ म्हणजे बारा फुटांस एक फूट, त्याहून अधिक नाही. त्या हिशेबाने चढ सातशे चव्वेचाळीस फूट लांब होतो. दर तीस फुटांनी दम खाण्यास पाच फुटांचा सपाट टप्पा हवा. असे चोवीस टप्पे, म्हणजे आणखी एकशेवीस फूट. एकूण वाट आठशे चौसष्ट फूट, रुंदी पाच फूट. ग्रामपंचायतीचा ठराव झाला आहे. काम श्रमदानाने, दर रविवारी सकाळी सात ते अकरा. आज चौदा माणसे आली. माझे बांधकाम साहित्याचे दुकान असल्याने आखणी आणि मोजमाप माझ्याकडे आले, आणि ते योग्यच झाले.

आता घरचे. माझी मुलगी रिंकू, वय सव्वीस, अडीच वर्षांपासून खुर्चीवर आहे. कमरेखाली संवेदना नाही. गेल्या मंगळवारी पुण्याच्या एका बँकेतून तिला नेमणुकीचे पत्र आले. २ फेब्रुवारीस हजर व्हायचे आहे. ती म्हणते, वसतिगृहात एकटी राहीन. मी जेवताना म्हणालो, आधी टेकडीची वाट होऊ दे. कोणाचाही हात न लागता वरपर्यंत जाऊन दाखव, मग पुण्याचे बोलू. अट वाजवी आहे असे माझे मत आहे. कसोटी मोजता येण्याजोगी असावी.

"पप्पा, शब्द दिलात हं," रिंकू म्हणाली. "आई, तू साक्षीदार."

 निर्मलाने न मागता माझ्या ताटात आणखी एक फुलका टाकला.

रविवार, १६ नोव्हेंबर

मी चुन्याच्या फक्कीने आखलेली रेघ जानकूबाबांनी काठीने पुसली.

जानकूबाबा धनगरवस्तीवरचे. वय सत्तरीच्या घरात, मेंढ्या आता साठच उरल्या आहेत. टेकडीवरचा बिरोबा त्यांच्या घराण्याकडे, म्हणून त्यांचे म्हणणे ऐकून घेणे भाग होते.

"शेठ, ह्या रेघंनं गेलात तर तिसऱ्या वळणाला कातळ लागंल. आमच्या मेंढरांची वाट बगा की. मेंढरू येडं नसतंय. दम लागला की ते सरळ जात नाय, आडवं जातंय."

"पण किती फुटांस किती चढते?"

"आता मेंढराला फुटं कुणी शिकिवली?" सगळे हसले.

मी त्यांच्या समाधानाकरिता मेंढ्यांची वाट दोनशे फूट मोजली. चढ सोळा फूट चार इंच. म्हणजे बारा फुटांस एक फुटाहूनही किंचित कमी. पुन्हा मोजले, तेवढेच आले. मेंढ्यांनी हे कसे साधले याचा खुलासा माझ्यापाशी नाही. रेघ बदलली.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज वाद झाला. तो अचूक लिहून ठेवतो.

पिंपळवंडीचा गोरख आपल्या ट्रॅक्टरने मुरूम आणतो. एकही रविवार चुकवलेला नाही. आज ट्रॉलीत मुरुमावर गोणपाटात गुंडाळलेला घडीव दगड होता. लांबी चार फूट, उंची पाच इंच. त्यावर कोरले होते : कै. ठमाबाई. त्याची आई ऑगस्टमध्ये गेली.

आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर अशी नावे असतात. गेलेल्या माणसाच्या नावाची पायरी बसवायची, त्यावरून भाविक चढले की पुण्य त्या माणसास लागते, अशी समजूत आहे. तिला माझा विरोध नाही.

"गोरख, या वाटेला पायरी नाही," मी म्हणालो. "एकही नाही. त्यासाठीच तर ही वाट."

"न्हाई कशी? देवाची वाट हाय ना ही?"

"देवाची असेल, पण चाकांसाठी आहे."

"मंग आईचं नाव कुठं घालू मी, वाऱ्यावर?"

मी सुचवले की दगड एखाद्या टप्प्यात जमिनीच्या पातळीत बसवू. पाव इंचाहून खोल अक्षरे नसतील तर चाकास अडथळा होणार नाही. हे ऐकून तो भडकला. "आईच्या नावावरनं चाकं फिरवायची व्हय? लोकं पायरीवर चपला काढून येत्यात, शेठ. चाकाच्या चपला कोण काढतंय?"

रिंकू टेकडीखाली झाडाच्या सावलीत खुर्चीवर होती. तिथून ओरडली, "काका, मी काढते! खुर्चीची चाकं पुसून जाईन, चालेल?"

गोरख हसला नाही. दगड पुन्हा गोणपाटात गुंडाळला, मुरूम उतरवला आणि चहा न घेता निघून गेला. मी नियमाप्रमाणे वागलो. तरी संध्याकाळी दुकानात दोन वेळा गिऱ्हाइकाला चुकीचा माल दिला.

रविवार, ७ डिसेंबर

गोरख मुरूम टाकून गेला. माझ्याशी बोलला नाही.

मुरूम बसवण्यासाठी रोलर पाच फुटांच्या वाटेवर चढत नाही. धुम्मस मारायला माणसे अपुरी. जानकूबाबा म्हणाले, "माजी साठ मेंढरं कवा कामाला यायची? पाणी मारा, मी वर-खाली फिरवतो."

मला हा प्रकार थट्टेचा वाटला. पण हेच ते जनावर, ज्याने मला चढ शिकवला. म्हणून परवानगी दिली. मेंढ्या अकरा वेळा वर गेल्या, अकरा वेळा खाली आल्या. नंतर मी लोखंडी सळई टोचून पाहिली. न तुडवलेल्या जागी सळई पाऊण इंच रुतली, तुडवलेल्या जागी जेमतेम पाव. वर क्रशरची बारीक कच टाकून धुम्मस मारली की पृष्ठभाग पक्का होईल. लेंड्या वेचण्यास सारजाबाई आणि तिच्या बचत गटाच्या बायकांना दीड तास लागला.

"शेठ," सारजाबाई म्हणाली, "आमच्या लग्नात बी एवढी मोजामोजी झाली न्हवती. झाली असती तर ह्या घरात पडलो नसतो."

रविवार, २१ डिसेंबर

नवव्या टप्प्यापुढचा चाळीस फुटांचा तुकडा मी आज उकरायला लावला. चढ बारा फुटांस एक फूट अर्धा इंच आला होता.

आज सहाच माणसे आली होती. त्यांपैकी दोन उकरण्याचे ऐकून परत गेली. सारजाबाई फावडे खाली ठेवून म्हणाली, "शेठ, अर्ध्या इंचापायी? मुंगीला बी कळायचं नाय."

मी म्हणालो, अर्धा इंच म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये.

याहून अधिक तिला सांगण्याचे कारण नव्हते. इथे लिहितो. आमच्या दुकानातल्या शिडीचा एक पाय अर्धा इंच आखूड होता. मला माहीत होते. मी त्याखाली लाकडी चकती ठेवत असे. १४ जून २०२३ रोजी सकाळी पावणेअकरा वाजता, माळ्यावरून नळाचे खोके काढ, असे मी रिंकूस सांगितले. चकती ठेवायची राहिली होती.

तुकडा पुन्हा भरण्यास दोन रविवार लागतील. ठरलेल्या वेळेत काम संपणे आता अवघड दिसते. घाई करून कोणाचे भले होत नाही.

मंगळवार, ३० डिसेंबर

रिंकूच्या हातमोज्यांचे तळवे फाटले आहेत. एका महिन्यात हा दुसरा जोड. बाजारात मालाची प्रत घसरली आहे. कोपरावर काळानिळा डाग दिसला. दाराला लागले म्हणते. खुर्चीच्या चाकांच्या खाचांत तांबडा मुरूम होता. माझ्या बुटांवरचा घरात सांडत असावा. उद्यापासून बूट बाहेर काढीन.

रविवार, ११ जानेवारी २०२६

आज पुन्हा अकरा माणसे. का आली, ते कळले नाही. सारजाबाईने सगळ्यांना बोलावले असे ऐकतो. चोविसावा टप्पा आज पुरा झाला. आता फक्त देवाच्या ओट्यापुढची मोकळी जागा उरली.

मी कठड्याची उंची पुन्हा तपासावी, असे सुचवले. दुसऱ्या वळणावर कडेच्या दगडांची रांग एका बाजूस झुकली आहे, हेही सांगितले.  निर्मला खालून डबे घेऊन आली होती. ती माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "अहो, वाट संपली की काय करणार तुम्ही?"

मी म्हणालो, दुकान.

रविवार, १८ जानेवारी

पहाटेच्या धुक्यात टेकडी चढलो आणि ओट्यापुढे थबकलो.

गोरखने दगड बसवला आहे. वाट जिथे संपते तिथे, आडवा, चार फूट लांब, पाच इंच उंच. पक्क्या चुन्यात. वर भंडारा उधळलेला, नारळ फोडलेला.

गोरख आणि जानकूबाबा ओट्यावरच बसले होते. मला पाहून गोरख उभा राहिला. काल संध्याकाळी बिबट्या बाहेर पडण्याची वेळ होण्याआधी दोघांनी हे उरकले होते.

"हे काय केलंस?"

"शेठ, वाटंवर एक बी पायरी घातली नाय मी. तुमचं सगळं ऐकलं. पर देवापुढं एक बी पायरी नको व्हय? देव काय उघड्यावर बसतो का?"

"आणि रिंकू?"

तो गोंधळला. खरोखरच त्याच्या ध्यानात आले नव्हते. "वर तर पोचलीच ना पोर मंग. पाच इंचानं काय व्हतंय?"

"पाच इंचाने काय होते ते तू तिलाच विचार. काढ तो दगड."

जानकूबाबांनी मान हलवली. "आता नाय निघायचा, शेठ. भंडारा वाहिलाय. चैत्राच्या जत्रेला देवाचा कौल घेऊ, मंगच हलवायचा."

"चैत्रापर्यंत?"

"चैत्रापर्यंत."

इतर मंडळी वर आली. सारजाबाईने कंबरेवर हात ठेवून दगडाकडे पाहिले. "पाच इंचाला पाच फूट मुरूम टाकला की झालं. तुमचाच हिशेब हाय, शेठ. बारा इंचाला बारा फूट."

मी स्पष्ट केले की ते इतके सोपे नाही. मुरूम दगडाच्या तोंडाशी टिकणार नाही. सिमेंट घालावे लागेल. सिमेंटला एकवीस दिवस पाणी मारावे लागेल. शिवाय उतार संपतो तिथे खुर्ची वळवण्यास पाच फूट हवेत आणि ओट्यापुढे जेमतेम चार आहेत. ओट्याला हात लावता येत नाही. एकूण विचार करता अटीनुसारची कसोटी चैत्राआधी घेणे शक्य नाही. हे मी तिथेच जाहीर केले. निर्णय तांत्रिक आहे, कोणावर रोष नाही, असेही सांगितले.

घरी येऊन रिंकूस सांगितले : बँकेस मुदतवाढीसाठी अर्ज लिहून दे, मसुदा मी करतो. 

आज पुष्कळ दिवसांनी भूक चांगली लागली. दुपारी झोपही आली.

बुधवार, २१ जानेवारी

अर्जाचा मसुदा तयार करून रिंकूपुढे ठेवला. तिने वाचला. भाषा चांगली आहे म्हणाली. मग कागदाची घडी घालून परत दिला.

"पप्पा, अट काय होती?"

"कोणाचाही हात न लागता वरपर्यंत."

"त्यात पायरी नसेल असं म्हणाला होतात का?"

"वाट बारा फुटांस एक फूट अशीच आखली होती. पायरी हा दोष आहे. दोष असलेल्या वाटेवर कसोटी घेणे म्हणजे तुझ्यावर अन्याय."

"आणि पुण्यात माझ्यापुढे कोण मुरूम टाकत जाणार आहे?"

मी म्हणालो की तो मुद्दा वेगळा आहे.

"नाही पप्पा. तोच मुद्दा आहे. रविवारी सकाळी सात वाजता. तुम्ही खाली थांबायचं. सगळ्यांनी खालीच थांबायचं."

निर्मला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिले. तिने रिंकूकडे पाहिले.

मी उत्तर देण्यास वेळ मागितला. रात्री जेवण झाल्यावर होय म्हणालो. नाही म्हणण्यासाठी जी कारणे मी तयार केली होती, ती सर्व तांत्रिक होती, आणि सर्व तिने आधीच ऐकलेली होती.

रविवार, २५ जानेवारी

सकाळी सहा पन्नासला पायथ्याशी. थंडी होती. मांडवी नदीवर धुके. सारजाबाईचा गट, जानकूबाबा, गोरख, आम्ही दोघे. वाटेवर कोणी नाही. गोरख माझ्या शेजारी उभा होता, तो आपणहून म्हणाला, "शेठ, राती दगड फोडायला निगालो व्हतो. जानकूबाबानं पहार काडून घेतली." मी त्याला म्हणालो की आता बोलू नकोस.

सात वाजून दहा मिनिटांनी रिंकू निघाली.

टप्पा सहा : सात एकोणीस. टप्पा नऊ : सात पंचवीस. उकरलेल्या तुकड्यावर तिने एकदाही वेग कमी केला नाही. टप्पा पंधरा : सात सदतीस. तिसऱ्या वळणावर तीन मिनिटे थांबली. दंड झटकत होती. टप्पा चोवीस : सात पन्नास. सात बावन्नला ओट्यापुढे.

तिथे दगड.

खालून ती बोटभर दिसत होती. खुर्ची तिने दगडाशी आडवी लावली. दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून खाली मांडला. मग हात दगडावर टेकून स्वतःला खुर्चीतून काढले आणि पायरीवर बसवले. पाठ देवाकडे, तोंड आमच्याकडे. तिने हात वर केला नाही. नुसती बसून राहिली. तिथून मांडवीचे पात्र दिसते, पलीकडचे कांद्याचे वाफे दिसतात. ती काय पाहत होती ते मला माहीत नाही. चौदा मिनिटे बसली.

"पोचली की वं!" सारजाबाई ओरडली. "शेठ, पोचली!"

मी म्हणालो, परत खुर्चीत बसायचे आहे.

खुर्चीत परत बसताना खुर्ची मागे सरकली. डावा ब्रेक लागलेला नसावा. ती पायरीवरून कुशीवर जमिनीवर पडली. आवाज खालपर्यंत आला नाही. फक्त आकार बदललेला दिसला.

मी सात पावले पुढे गेलो होतो. ती मोजून टाकली नव्हती. नंतर मागे वळून मोजली. गोरख मला ओलांडून धावत सुटला आणि मी त्याचे मनगट धरले.

"शेठ, पोरगी पडली!"

"दिसले मला."

"मंग सोडा की! माणूस हायेत का कोण तुमी?"

"हात लावायचा नाही असे ठरले आहे. तिने हाक मारली तर जाऊ."

"आणि नाय मारली तर?"

"तर नाही."

त्याने हिसका दिला. मी सोडले नाही. माझ्या हातात इतका जोर आहे हे मला ठाऊक नव्हते. मागून निर्मलाचा आवाज आला. अगदी शांत. "आता आधी खुर्ची ओढून घेईल. ब्रेक लावेल. मग पायरीवर चढेल, पायरीवरून खुर्चीत. जमिनीवरून एकदम खुर्चीत तिला जात नाही. मधे पाट लागतो. आज पायरी आहे."

मी तिच्याकडे वळून पाहिले.

"स्वयंपाकघरात रोज पडते ती," निर्मला म्हणाली. "दुपारी. तुम्ही दुकानात असता तेव्हा. पडूनच शिकावं लागतं, असं तिचं म्हणणं. मी पाहिलं नाही पहिले आठ दिवस. भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. आणि इथं वाटेवर दर बुधवारी. दहाव्या टप्प्यापर्यंत."

 वर पाहत राहिलो. रिंकूने खुर्ची ओढली. कोपरावर भार देऊन पायरीवर चढली. दोनदा घसरली, तिसऱ्यांदा बसली. खुर्चीत बसायला आणखी तीन प्रयत्न लागले. पडल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत सव्वानऊ मिनिटे.  तेवढा वेळ गोरख हुंदके देत होता आणि त्याचे मनगट माझ्या हातात होते.

उतरायला तिला सोळा मिनिटे लागली. शेवटच्या तीस फुटांत तिने चाके मोकळी सोडली. ते धोक्याचे होते. गालाला मुरूम लागला होता, मोज्याची शिवण उसवली होती.

"पप्पा," ती म्हणाली, "उतरताना डाव्या बाजूलाही कठडा हवा. हात बदलता येत नाही."

"करतो."

"वरून सगळं दिसत होतं. तुम्ही काकांचा हात धरला होता."

"धरला नव्हता," गोरख मनगट चोळत म्हणाला, "मोडला व्हता."

त्यावर सगळे एकदम हसले, मीही. मग मी जरा बाजूला जाऊन वाटेची सुरुवात नीट पाहिली. पाहण्यासारखे काही नव्हते.

मी दिलेला शब्द पाळला. घरी आल्यावर पुण्याचे बोलणे झाले. बोलण्यासारखे फारसे उरलेले नव्हते.

रविवार, १ फेब्रुवारी

रिंकूस पुण्यास सोडले. वसतिगृहाच्या दाराशी एक उंबरा आहे, साडेतीन इंच. मी तिथल्या बाईंशी त्याबद्दल बोलण्यास तोंड उघडले. रिंकूने माझ्याकडे पाहिले. मी बाईंना पाण्याची वेळ विचारली.

परतीच्या वाटेवर निर्मलाने आणि मी मंचरला चहा घेतला.

रविवार, ८ फेब्रुवारी

ओट्यापुढच्या पायरीच्या उजव्या अंगास पाच फुटांचा उतार बांधला. मुरूम, कच, कडेला तीन दगड. सिमेंट लागले नाही. खुर्ची वळवण्यासाठी जागा कमी पडत होती; गोरखने कडेची माती भरून ती एक फुटाने वाढवली. ओट्यास हात लागला नाही. ठमाबाईंचा दगड जागेवर आहे. ज्यास पाय आहेत त्याने त्यावरून चढावे.

ज्या कामास मी एकवीस दिवस सांगितले होते, ते दोन तास चाळीस मिनिटांत झाले. याची नोंद करतो. सारजाबाईने काही विचारले नाही, याचीही.

रविवार, २२ फेब्रुवारी

आज वाटेवर पहिला परका माणूस आला.

पारगावचे दादाभाऊ. वय साठच्या पुढे. पूर्वी ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम होते. नऊ वर्षांपूर्वी उसाच्या गाडीखाली दोन्ही पाय गेले. पुतण्याने पिकअपमधून खुर्चीसह आणले होते. सोबत त्यांची बायको. वाटेबद्दल कोणाकडून ऐकले ते सांगितले नाही, एवढेच म्हणाले, "मेंढरांनी बांदलीय म्हणं."

त्यांच्या बायकोने मला बाजूला घेतले. "शेठ, ह्यांच्या मागं कोणी तरी धरून चाला. लई हट्टी माणूस. नऊ वर्सं झाली, घराच्या उंबऱ्यापल्याड मी ढकलल्याबिगर गेले न्हाईत."

मी दादाभाऊंकडे गेलो. "हात लावू का?"

"नगं."

"मागून चालू?"

त्यांनी टेकडीकडे पाहिले, मग माझ्या बुटांकडे. "धा पावलं मागं ऱ्हावा. आन बोलू नगा."

मी दहा पावले मागे राहिलो. बोललो नाही. ते रिंकूपेक्षा फार सावकाश चढतात. प्रत्येक टप्प्यावर थांबतात, विडी काढतात, पेटवत नाहीत, परत खिशात ठेवतात. सातव्या टप्प्याला चाक कडेच्या दगडाला लागले. माझे दोन्ही हात पुढे गेले होते. ते मी पाठीमागे बांधले आणि तसेच ठेवले. त्यांनी खुर्ची मागे घेतली, शिवी दिली, कोणाला ते कळले नाही, आणि पुढे निघाले.

चौदाव्या टप्प्यावर खिशात फोन वाजला. रिंकूचा होता. दादाभाऊ नेमके तिसऱ्या वळणावर येत होते, तिथे वाट आतल्या अंगास ओढते. घेतला नाही. पुन्हा वाजला, तेव्हाही घेतला नाही.

एक तास अठ्ठावीस मिनिटांनी ते उतारावरून ओट्यापुढे पोहोचले. तिथे त्यांनी विडी पेटवली. खाली त्यांची बायको पदर तोंडाला लावून उभी होती. मी वळणामागे जाऊन फोन केला.

"कुठे होतात, पप्पा?" रिंकू म्हणाली. "दोनदा केला. काय झालं?"

"काही झाले नाही. कामात होतो."

"मग एवढं तरी सांगायचं. काळजी वाटते हो."

मी तिला सांगितले की यापुढे मी फोन घेतला नाही तर वीस मिनिटे थांबावे आणि मगच काळजी करावी. ती हसली. तिच्या मागे रस्त्याचा मोठा आवाज येत होता, गाड्या, कोणी तरी शेंगा विकत होते. ती बाहेर कुठे तरी होती. कुठे, ते मी विचारले नाही.